नवजाताच्या मेंदूचा आलेख : भाकीत, निवाडा नव्हे



प्रसूतीच्या वेळी ज्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्याच्या माता-पित्यांचा प्रश्न एकच असतो : ‘आमचे बाळ पुढे नीट होईल ना?’ या प्रश्नाला नुसता धीर पुरत नाही. उत्तराला आधार लागतो. मेंदूच्या विद्युत्‌लहरी तो काही अंशी देतात.

हान्स बर्गर या जर्मन वैद्याने १९२४ मध्ये मानवी मेंदूच्या लहरी प्रथम टिपल्या व १९२९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. तेच ईईजीचे तंत्र आज नवजात अतिदक्षता विभागात पोहोचले आहे. त्यात मेंदूत वीज सोडली जात नाही. तेथे उमटणारी केवळ टिपली जाते.

पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचा आलेख अखंड वाहतो आणि झोप-जागेपणाप्रमाणे बदलतो. गंभीर इजा झाल्यास मधूनच लहरींचा उसळता झोत व मध्ये दीर्घ शांतता दिसते, किंवा आलेख जवळजवळ सपाट होतो. मात्र पहिल्या सहा तासांच्या आलेखावरून भविष्य ठरवणे घातक होय. खरे महत्त्व सावरण्याला आहे. आलेख २४ तासांत सुधारला तर आशा बळावते. शरीर ७२ तास ३३.५ अंश सेल्सियसवर ठेवण्याचा उपचार चालू असेल, तर ४८ तासांपर्यंत वाट पाहावी लागते. गुंगीची औषधेही लहरी दडपतात. म्हणून आलेख पुन्हा काढावा आणि एमआरआय व प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावा.

नवजातांचे अनेक झटके डोळ्यांना दिसतच नाहीत. तेही आलेखच उघड करतो.

हे ठोकताळे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतील बालकांवरून बांधले गेले. ते आपल्याकडे तपासूनच स्वीकारले पाहिजेत. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील ४०८ बालकांवरील, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीत याच थंडाव्याच्या उपचाराने अपेक्षित लाभ तर झाला नाहीच, उलट मृत्यू वाढले.

बंधू-भगिनींनो, आलेख चिंतेचा असला म्हणजे बाळाला सोडून द्यायचे नसते; त्याच्याकडे अधिक लवकर, अधिक लक्ष द्यायचे असते. श्रवण, दृष्टी, हालचाल आणि वाढ यांची तपासणी किमान दोन वर्षे चुकवू नका. घरातील वडीलधाऱ्यांनी त्या मातेला बोल लावू नये, तिच्या पाठीशी उभे राहावे. यंत्र शक्यता सांगते. संगोपन कुटुंबालाच करावे लागते.