थ्री-नॉट-थ्री रायफलची घडण

५ ते ९ फेब्रुवारी २०२० या काळात लखनौच्या वृंदावन योजना या वसाहतीत संरक्षण सामग्रीचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्याच्या जेमतेम दहा दिवस आधी, प्रजासत्ताकदिनी, उत्तर प्रदेश पोलिसांनी आपल्या थ्री-नॉट-थ्री रायफलीला समारंभपूर्वक निरोप दिला होता. निरोप मिळालेल्या या शस्त्राची घडण समजून घेण्याजोगी आहे.

या रायफलीचे मूळ नाव ली-एनफील्ड. स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याने तिचा बोल्ट व काडतूसपेटी योजिली. नळीतील पिळदार खाचा इंग्लंडमधील एनफील्डच्या कारखान्यात सिद्ध झाल्या. नळीचा अंतर्व्यास .३०३ इंच, म्हणजे सुमारे ७.७ मिलिमीटर, त्यावरून तिचे बोलीतील नाव पडले. १९०७ सालच्या नमुन्याची लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर व वजन सुमारे ४ किलोग्रॅम होते.

बोल्टचे कार्य दाराच्या कडीसारखे असते. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामे कवच बाहेर पडते. पुढे ढकलून खाली वळवली की नवे काडतूस नळीत जाऊन बसते. जर्मन माउझर रायफलीत बोल्ट अडकविणारे खुंट पुढच्या टोकास असतात. लीने ते मागे ठेवले. त्यामुळे बोल्टची धाव आखूड झाली, आणि मूठ नव्वदऐवजी सुमारे साठ अंशच उचलावी लागे. पेटीत दहा काडतुसे मावत. परिणामी कसलेला शिपाई मिनिटाला पंधरा बार नेम धरून काढू शके.

या गुणातच एक मर्यादाही होती. मागील खुंटांमुळे अधिक दाबाच्या काडतुसाचा ताण बोल्टच्या संपूर्ण लांबीवर येई. म्हणूनच १९६२ च्या चीन युद्धानंतर बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी हीच रायफल बनविताना अधिक मजबूत पोलाद वापरण्यात आले.

परंतु पोलादाने हाताची हालचाल वाचत नाही. प्रत्येक बारानंतर बोल्ट ओढावाच लागतो. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेतलेल्या हल्लेखोरांसमोर जे पोलीस उभे ठाकले, त्यांच्यापैकी काहींच्या हाती हीच रायफल होती. तिची घडण सदोष नव्हती. एका पायदळाच्या गरजेतून ती निर्माण झाली आणि ती गरज तिने उत्तम भागविली. शस्त्र केव्हा निवृत्त करावे, हा निर्णय मात्र शस्त्राचा नसतो. तो लांबला, तर त्याचे मोल शस्त्र धरणारा शिपाई देतो.