दंडावरचा वण



माझ्या डाव्या दंडावर चार आण्याच्या जुन्या नाण्याएवढा एक वण आहे. साठी ओलांडलेल्या तुमच्यापैकी अनेकांच्या हातावर तो असेल. शाळेत देवी डॉक्टर यायचे. नावाला डॉक्टर, काम लस टोचायचं. त्यांच्याकडे पुढे दोन टोकं असलेली बारीक सुई असायची. लशीचा थेंब त्या बेचक्यात धरायचा आणि एकाच जागी भराभर टोचायचं. मग फोड, ताप, आणि आठवडाभर त्या कुशीवर झोपायची सोय नाही.

आज बोलायचंय ते मात्र जागतिक आरोग्य संघटनेतल्या अमेरिकेच्या वर्गणीबद्दल. या वणाचा आणि त्या वर्गणीचा संबंध आहे.

१९४७ साली मेक्सिकोहून निघालेला एक माणूस बसनं न्यूयॉर्कला पोचला, तो अंगात देवीचा रोग घेऊनच. रोगी झाले एकूण बारा, त्यातले दोघं गेले. पण शहराची अशी गाळण उडाली की महिनाभरात साठ लाखांहून अधिक लोकांना लस टोचावी लागली. १९४९ मध्ये टेक्सासात शेवटची छोटी साथ आली आणि अमेरिकेतून देवी गेली. तरीही पुढची वीस-बावीस वर्षं तिथल्या मुलांना लस टोचणं चालूच होतं. बंदरांवर, विमानतळांवर लशीचे दाखले तपासले जात होते. १९६८ या एका वर्षात या सगळ्या बंदोबस्ताला सुमारे १५ कोटी डॉलर लागले. शिवाय लशीच्या दुष्परिणामांनी त्या वर्षी नऊ अमेरिकन माणसं दगावली. देशात देवीचा एकही रोगी नाही, आणि देवीपायी नऊ मृत्यू! कारण रोग भारतात होता, ब्राझीलमध्ये होता, इथिओपियात होता, आणि विमानं सगळीकडून सगळीकडे जात होती.

रोगच मुळापासून उपटावा, हा प्रस्ताव १९५८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेपुढे मांडला तो सोव्हिएत युनियनच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी. हा देश काही वर्षं संघटनेवर रुसून बाहेर बसला होता. परतला, तो हे काम घेऊन. पण पैशाचं घोडं पेंड खात होतं. १९६६ मध्ये जिनिव्हात खास तरतुदीवर मतदान झालं. रक्कम होती वर्षाला २४ लाख डॉलर! त्यावरही श्रीमंत देशांनी कुरकुर केली. प्रस्ताव तरला तो अवघ्या दोन मतांनी. संघटनेचे महासंचालक कांदाव यांचा तर या मोहिमेवर विश्वासच नव्हता. प्रमुख अमेरिकन असावा असा त्यांचा आग्रह होता, म्हणजे फसलं तर खापर अमेरिकेच्या डोक्यावर फोडता येईल. असे आले डॉक्टर हेंडरसन.

फसलं नाही. आपल्याकडे देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस असल्याचं भिंतीभिंतींवर रंगवलं होतं, ते काहींना आठवत असेल. १९७७ मध्ये सोमालियातल्या मर्का गावी, इस्पितळात स्वयंपाक करणाऱ्या एका तरुणाला देवी आल्या. आपोआप पसरलेल्या रोगाचा तो शेवटचा रोगी. तो बरा झाला. साऱ्या जगाचा मिळून खर्च आला सुमारे ३० कोटी डॉलर. म्हणजे अमेरिका एकटी आपल्या दारावर दोन वर्षांत उधळायची तेवढा.

हे काम अमेरिकेनं स्वतःच का केलं नाही? डॉक्टर तिच्याकडे होते, पैसाही होता. पण शीतयुद्धाच्या त्या दिवसांत अमेरिकेचा झेंडा लावलेल्या जीपसाठी किती गावांनी दार उघडलं असतं, मला शंका आहे. संघटनेच्या नावाखाली मात्र सोव्हिएत लशीच्या कोट्यवधी मात्रा आल्या आणि अमेरिकन डॉक्टर त्याच मोहिमेत काम करत राहिले.

२० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी या संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. सदस्य देशांच्या ठरावीक वर्गणीत अमेरिकेचा वाटा होता २२ टक्के, आणि कोविडच्या सुरुवातीला संघटना अडखळली हे मीही म्हणेन. आपल्याकडे गणपतीची पावती फाडणारा माणूससुद्धा हिशेब मागतो. मागावाच. पण मंडळ सोडून गेलेल्याला वही कोण दाखवणार?

माझी भाची न्यू जर्सीला असते. ऑक्टोबर आला की औषधाच्या दुकानात जाऊन सगळं घर फ्लूची लस घेतं. त्या लशीत यंदा कोणते विषाणू घालायचे, याची शिफारस संघटनेनं बोलावलेल्या बैठकीत होते, वर्षातून दोनदा. शंभराहून अधिक देशांतल्या प्रयोगशाळा त्यासाठी वर्षभर नमुने तपासत असतात. त्यातली एक आपल्या पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था. फार्मसीत बाही वर करणाऱ्याला याचा पत्ता असायचं कारण नाही.

भाचीचा मुलगा सात वर्षांचा आहे. गेल्या सुट्टीत आला होता, तेव्हा माझ्या दंडावरच्या खड्ड्यात बोट घालून विचारलं, "आजी, हे काय?"

म्हटलं, "देवीचा वण."

त्यानं गंभीरपणे विचारलं, "कुठल्या देवीचा?"