नाव नको, माप सांगा

सायकल दुरुस्तीच्या दुकानात एक संवाद नेहमी ऐकू येतो. गिऱ्हाईक हातातला सुटा भाग पुढं करून विचारतं, "ह्याचा जोड मिळेल का हो?" कारागीर विचारतो, "कंपनी कुठली?" कंपनी ठाऊक नसली की बोलणं तिथंच थांबतं आणि बऱ्याचदा चांगली वस्तू भंगारात जाते. आज मी बोलणार आहे ते सायकलच्या पायडलाविषयी आणि त्याला लावायच्या टो-क्लिपविषयी. कुणी म्हणेल, हा काय भाषणाचा विषय झाला? पण चढावर उभं राहून सायकल मारताना माणसाचं सगळं वजन पायडलाच्या बोटभर जाडीच्या कण्यावर येतं. तो कणा क्रँकमध्ये नीट बसलेला नसेल आणि घाटात निसटला, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आपल्या कुडाळच्या बाजारात पूर्वी दिसायच्या त्या काळ्या, दणकट सायकली. दूधवाल्याच्या, पाववाल्याच्या, शाळामास्तरांच्या. त्यांची पायडलं रबरी ठोकळ्यांची. अनवाणी पायानंही मारता येतील अशी. त्यांना टो-क्लिप लागत नाही आणि सहसा बसतही नाही. टो-क्लिप ही शर्यतीच्या सायकलची वस्तू. पायडलाच्या पुढच्या कडेला दोन स्क्रूंनी बसवलेला पत्र्याचा वाकवलेला पिंजरा असतो, त्यात बुटाचं टोक जातं आणि वरून चामड्याची वादी आवळतात. पाय घसरत नाही आणि पायडल वर येताना थोडा जोर लावता येतो. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून 'घाटाचा राजा' होण्यासाठी झुंजणारे कितीतरी सायकलपटू हीच वादी आवळून घाट चढले.

अशी एक सायकल गेल्या वर्षी माझ्यापुढं आली. मी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये लेथवर काम केलं, त्यामुळं निवृत्तीनंतरही आसपासची मुलं काही ना काही घेऊन येतात. शेजारच्या वाडीतली एक मुलगी आली. तिचे वडील मुंबईला नोकरीला होते. १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्याच वर्षी चतुर्थीला येताना त्यांनी आपली शर्यतीची सायकल गाडीतून गावी आणली. पुढं ते गेले. सायकल मांगरात लाकडांच्या आडोशाला राहिली. आईनं ती कुणाला दिली नाही आणि विकलीही नाही. आता मुलीच्या मनात आलं होतं की त्याच सायकलवरून कुडाळहून सावंतवाडीमार्गे आंबोलीला जायचं. पन्नासेक किलोमीटरचा रस्ता, आणि शेवटी तो घाट.

"काका, ह्यां पायडल खंयच्या कंपनीचां?" तिनं विचारलं.

"कंपनी ऱ्हवांदे, आधी माप घेऊया," मी म्हटलं.

एका क्लिपचा तुकडा पडला होता आणि दुसरी गंजून जाळी झाली होती. पायडलाच्या टोपणावर नाव नव्हतं. उरलेल्या क्लिपवर मात्र 'क्रिस्तोफ' अशी अक्षरं पुसट दिसत होती. हा एझेन क्रिस्तोफ म्हणजे फ्रान्सचा जुना सायकलपटू. १९१३ च्या 'टूर द फ्रान्स' शर्यतीत तुर्माले घाट उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत खालच्या गावी गेला आणि लोहाराच्या भट्टीवर त्यानं स्वतःच्या हातानं चिमटा जोडला. परक्याची मदत घ्यायची नाही असा नियम होता. भाता एका मुलानं हलवला म्हणून त्याला वर दंडही झाला. १९१९ साली आघाडीवीराची पिवळी जर्सी सर्वांत आधी घातली ती यानंच. त्याच्या नावाच्या क्लिपा पुढं जगभर खपल्या.

पण घोटाळा झाला तो इथंच. एका मोठ्या शहरातल्या दुकानानं तिला फोनवर सांगितलं होतं, "क्लिप फ्रेंच, म्हणजे पायडलही फ्रेंच. त्याचे आटे वेगळे. क्रँकसकट सगळं बदला." आता क्लिप काय, कुठल्याही पायडलाला लावता येते. टोपी कोल्हापूरची म्हणून माणूस कोल्हापूरचा होत नाही.

आधी पायडल सोडवणं आलं. उजवं सुटलं. डावं हलेना, म्हणून कुणीतरी हातोडा सुचवला होता. श्रोतेहो, डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात. सरळ असते तर पायडल मारता मारता ते आपोआप सैल होत गेलं असतं. सोडवताना एकच खूण लक्षात ठेवा. सायकल उभी असू द्या, पाना पायडलाच्या कण्यावर वरच्या बाजूला धरा आणि मागच्या चाकाकडं ओढा. दोन्ही बाजूंचं पायडल असंच सुटतं. पुढं ढकललं की आवळतं. अॅल्युमिनियमच्या क्रँकमध्ये पोलादी कणा वर्षानुवर्षं दमट हवेत राहिला की दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. आम्ही सांध्यात तेल सोडून रात्रभर ठेवलं आणि सकाळी लांब दांड्याचा पाना लावला. हातोड्याची गरज पडली नाही.

मग मापं. आजच्या बहुतेक पायडलांचा कणा ९/१६ इंचाचा, म्हणजे १४.२९ मिलिमीटरचा असतो आणि एका इंचात वीस आटे असतात. मुलांच्या काही सायकलींना आणि एकसंध क्रँकच्या सायकलींना अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा कणा लागतो. तो नुसत्या नजरेलाही बारीक दिसतो. जुन्या फ्रेंच पायडलाचा कणा १४ मिलिमीटरचा. ९/१६ इंचाच्या आणि याच्या जाडीत फरक जेमतेम पाव मिलिमीटरचा, आणि आट्यांतलं अंतरही जवळपास सारखं. म्हणून फ्रेंच कणा ९/१६ इंचाच्या क्रँकमध्ये सहज फिरत जातो आणि बसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो सैल असतो. चढावर जोर पडला की आटे मारले जातात.

बाहेरून मोजताना आट्यांची टोकं थोडी बोथट असल्यामुळं माप मूळ आकड्यापेक्षा किंचित कमीच भरतं. आमच्या व्हर्निअरवर १४.१ च्या थोडं पुढं आलं. १४ मिलिमीटरचा कणा १४ च्या वर जाणार नाही. कण्याच्या टोकावर 'एल' आणि 'आर' ही इंग्रजी अक्षरं कोरलेली सापडली. फ्रेंच मालावर डाव्यासाठी 'जी' आणि उजव्यासाठी 'डी', तर इटालियन मालावर 'एस' आणि 'डी' दिसण्याचा संभव असतो. अक्षरं म्हणजे पुरावा नव्हे, नुसता इशारा. शेवटी ९/१६ इंचाचा म्हणून खात्रीचा एक क्रँक आणला. पायडल त्यात बोटांनी शेवटपर्यंत फिरलं आणि जराही डुगडुगलं नाही. निकाल लागला. वडिलांचा क्रँक वाचला.

आता क्लिप. इथं तीन गोष्टी बघायच्या. पहिली, पायडलाच्या पुढच्या पट्टीला दोन भोकं आहेत का. काही पायडलांवर तिथं परावर्तक, म्हणजे रिफ्लेक्टर, असतो. तो काढला की तीच भोकं कामी येतात. मात्र मागचा परावर्तक ठेवावा, रात्रीचा रस्ता आहे. दुसरी, वादी ओवायला दोन्ही बाजूंना फट आहे का. तिसरी, दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर. त्या मुलीनं पट्टीवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, भोकांचा ठसा उमटला. तो ठसा आणि बुटाचा नंबर तिनं पुण्याच्या एका दुकानाला पाठवला. क्लिपा लहान, मध्यम, मोठ्या अशा मापांत येतात. तळव्याचा पुढचा फुगीर भाग कण्याच्या बरोबर वर यावा आणि बुटाचं टोक पिंजऱ्याला टेकू नये, हा हिशेब.

क्लिपा अजून मिळतात का, असं तुम्ही विचाराल. १९८४ मध्ये लूक या फ्रेंच कंपनीनं बुटाला अडकणारं पायडल आणलं, १९८५ मध्ये बर्नार इनो त्यावर 'टूर द फ्रान्स' जिंकला आणि शर्यतींतून क्लिप हळूहळू गेली. तरी जपानच्या केइरिन शर्यतीत आजही क्लिप आणि वादीच वापरतात आणि तिथली मिकाशिमा कंपनी त्या बनवते. शिवाय नव्या क्लिपांना बहुधा गोल भोकांऐवजी लांबट खाचा असतात, त्यामुळं थोडं मागंपुढं सांभाळून घेता येतं. आमच्या क्लिपा पाच मिलिमीटरच्या स्क्रूंवर वॉशर घालून बसल्या. वादी कुजली होती, बक्कल शाबूत होतं. बाजारातल्या चप्पलवाल्यानं त्याच बकलाला नवं चामडं शिवून दिलं. छर्रे रॉकेलमध्ये धुऊन नवं ग्रीस भरलं. आटे ग्रीस लावून, आधी बोटांनी आणि मगच पान्यानं आवळले.

वापरण्याचीही एक शिस्त आहे. तिला आठवडाभर मैदानात वादी सैल ठेवूनच फिरायला लावलं. थांबण्याआधी पाय मागं ओढून काढायचा, बाजूला नाही. बाजारपेठेत, गर्दीत वादी कधीही आवळायची नाही. तिची आई पायरीवर बसून हे सगळं बघत होती. "तो वादी सैल करून पायरीशी थांबायचा," एवढंच ती एकदा म्हणाली. नोव्हेंबरच्या एका पहाटे मुलगी निघाली आणि दुपारच्या आत आंबोलीहून तिचा फोन आला. पायडल कुठल्या कंपनीचं ते आम्हाला आजही कळलेलं नाही, आणि त्यावाचून काही अडलं नाही.

तेव्हा श्रोतेहो, तुमच्या माळ्यावर, मांगरात अशी एखादी सायकल असेल, तर दुकानात जाण्याआधी एका कागदावर पाच गोष्टी लिहा. कण्याची जाडी. कण्यावरची अक्षरं. पुढच्या पट्टीवरच्या भोकांमधलं अंतर. वादीसाठी फट आहे की नाही. आणि बुटाचा नंबर. हा कागद पुढं केलात की "कंपनी कुठली?" या प्रश्नावर बोलणं थांबणार नाही.