सिग्नल सुटल्यावर



या व्याख्यानमालेत गेले आठ दिवस विद्वान वक्त्यांनी तत्त्वज्ञानापासून अर्थकारणापर्यंत भारदस्त विषय मांडले, आणि आज आम्ही आपल्यापुढे मोटार डावीकडे आणि उजवीकडे कशी वळवावी हे सांगावयास उभे आहोत. चालकांना थोडा संकोच वाटला असावा. छापील पत्रिकेत त्यांनी आमच्या नावापुढे ‘शहरातील वाहतूक : एक चिंतन’ असे लिहिले आहे. चिंतन आमच्याजवळ नाही. आमच्याजवळ आहे तो सहा महिन्यांच्या मुदतीचा शिकाऊ परवाना, आणि त्यातले चार महिने संपलेले आहेत.

आमचा जन्म गिरगावातला. ठाकुरद्वार ते प्रार्थनासमाज हा रस्ता आम्ही अठ्ठावन्न वर्षे पायांनी ओळखतो. मोटार म्हणजे रस्ता ओलांडताना चुकवायची वस्तू, एवढीच तिची आमच्या लेखी किंमत होती. परंतु गेल्या वर्षी पत्नीला उपचारासाठी आठवड्यातून दोन वेळा परळला न्यावे लागू लागले. उपचारानंतर तिला बसच्या रांगेत उभे राहवत नाही. टॅक्सीवाला काच खाली करतो, कुठे जायचे ते ऐकून घेतो, मान हलवतो आणि निघून जातो. पुतण्या नोकरीसाठी परगावी गेला तेव्हा त्याची लहानशी गाडी चाळीखाली उभी होती. तिच्यावरची धूळ पुसता पुसता एके दिवशी आम्ही ठरवले की, आपणच शिकावे.

गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर तांबडा ‘एल’ लागला. ती पाटी पाहून लोक दया करतील अशी आमची भाबडी समजूत होती. शेजारी मास्तर बसत. लालबागचे राहणारे, वडील गिरणीत होते, बोलणे मोजके. गाडीला त्यांच्या पायाशी क्लच आणि ब्रेकची दुसरी जोडी. सरळ रस्त्यावर गाडी चालवणे आम्हांला पंधरा दिवसांत जमले. सरळ जायला फारशी अक्कल लागत नाही. अडचण उभी राहते ती चौकात, सिग्नल सुटल्यावर, वळताना.

डावे वळण सोपे, असे सर्वांप्रमाणे आम्हीही धरून चाललो होतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने जाणारे लोक. डावीकडे वळताना समोरून येणाऱ्याची वाट कापावी लागत नाही. नियमही साधा आहे : वळायच्या आधीपासून डाव्या कडेला राहावे आणि वळून नव्या रस्त्याच्या डाव्या कडेलाच लागावे. पण आम्ही पहिल्याच दिवशी वळण्याआधी गाडी उजवीकडे झोकली. बेस्टचे ड्रायव्हर तसे करताना आम्ही जन्मभर पाहत आलो होतो. मास्तर म्हणाले, “काका, ती बस आहे.” बस लांब असते, तिला तेवढी जागा लागते. कारण गाडीची मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतून जातात. गाडी जेवढी लांब तेवढी ती जास्त आत येतात. लहान गाडीतही नाक वळले की लगेच स्टिअरिंग फिरवणाऱ्याचे मागचे चाक फूटपाथवर चढते. आमचे दोनदा चढले. आणि गाडी उजवीकडे झोकली की डावीकडे जी फट पडते तिच्यात स्कूटरवाला शिरतो. तो शिरणारच, मुंबईत फट रिकामी राहत नाही. म्हणून आधी डावा आरसा, मग मान वळवून एक नजर, कारण आरशात न दिसणारा एक कोपरा असतो आणि स्कूटरवाला नेमका तिथेच असतो. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी. वळणात शिरल्यावर क्लच दाबून धरला तर गाडी मोकळी धावते आणि आपल्या हातात राहत नाही.

आणखी एक गैरसमज आम्ही बाळगून होतो. डावीकडे जाणाऱ्याला लाल दिवा नसतोच, असे कित्येकांना वाटते. तशी पाटी असेल किंवा डावीकडचा हिरवा बाण लागला असेल तरच ती मोकळीक आहे. एरवी लाल म्हणजे लाल, आणि थांबायचे ते पांढऱ्या रेघेच्या अलीकडे, झेब्र्याच्या पट्ट्यांवर नव्हे.

उजव्या वळणाचे शास्त्र निराळे. तेथे आधीपासून रस्त्याच्या मध्याजवळ यावे लागते, आणि वळल्यावर नव्या रस्त्याच्या डाव्या बाजूला जाऊन मिळावे लागते. पण त्याआधी चौक कोणत्या जातीचा आहे ते ओळखले पाहिजे. काही चौकांत एकेका बाजूचा सिग्नल स्वतंत्र सुटतो. समोरचे लोक तेव्हा थांबलेले असतात आणि वळणे सुखाचे होते. काही ठिकाणी समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकदम सुटतात. तेथे सरळ येणाऱ्याचा हक्क पहिला. आपण चौकाच्या मध्यापर्यंत जावे आणि वाट खुली होण्याची वाट पाहत उभे राहावे. मास्तरांनी या उभे राहण्यातली एक गोष्ट आम्हांला शिकवली : वाट पाहताना चाके सरळ ठेवावीत. आधीच उजवीकडे वळवून ठेवली आणि मागून कोणाचा धक्का बसला, तर गाडी नेमकी समोरून येणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन पडते. इतकी वर्षे आम्ही चौक पाहत आलो, पण असे काही मनात आले नव्हते. शहर भागात रिक्षांना मज्जाव आहे, ही मात्र शिकाऊ माणसावर मोठीच कृपा म्हटली पाहिजे.

आणि रांग चुकली तर? एकदा दादर टी.टी.ला आम्हांला डावीकडे टिळक पुलावर जायचे होते. (तेथली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, तरी ते ‘टी.टी.’ अजून जिभेवर आहे.) आम्ही सापडलो मधल्या रांगेत. इंडिकेटर लावला, हात बाहेर काढला, केविलवाणे तोंड केले. मास्तर म्हणाले, “सरळ चला.” सरळ गेलो, माटुंग्याला किंग्ज सर्कलला वळसा घातला आणि परत आलो. वीस मिनिटे गेली. आयत्या वेळी आडवे होऊन चार जणांचा रस्ता अडवण्यापेक्षा ती वीस मिनिटे स्वस्त पडली.

आता हॉर्नविषयी. शिकाऊ माणसाला चौकात सगळ्यात जास्त भीती समोरच्याची वाटत नाही. ती वाटते मागच्याची. सिग्नल सुटला की अर्ध्या क्षणात मागून हॉर्न सुरू होतो, पाय थरथरतो, गाडी बंद पडते, मग हॉर्न दुप्पट होतो. हे केवळ आमच्यासारख्या भित्र्याचे रडगाणे नाही. मुंबई पोलिसांनी २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात एक गमतीचा प्रयोग केला. आवाज मोजणारे यंत्र सिग्नलला जोडले. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे आकडे पुन्हा पहिल्यापासून सुरू. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, वांद्रे आणि आपले हिंदमाता, अशा ठिकाणी तो झाला. २०२० च्या जानेवारीअखेर पोलिसांनी त्याची चित्रफीत दाखवली तेव्हा आम्हीही पोट धरून हसलो. तेव्हा आम्ही पायी चालणारे होतो.

ज्या सकाळीबद्दल सांगण्यासाठी मुख्यतः उभे राहिलो, तिच्याकडे आता येतो. परळला रुग्णालये एकमेकांना लागून आहेत, के.ई.एम. १९२६ पासूनचे, टाटा १९४१ पासूनचे. त्या भागात सकाळी रस्ता ओलांडणारी माणसे वेगळी असतात. ती गावाहून आलेली असतात, हातात एक्स-रेचे मोठे पाकीट असते, आणि त्यांचे लक्ष दिव्याकडे नसते, कुठली इमारत याकडे असते. आम्ही डावीकडे वळणार होतो. हिरवा लागला. मागून हॉर्न आला, आणि आम्ही गाडी वळवली. खरे सांगायचे तर आम्ही ती समोर पाहून वळवली नाही. मागच्याला खूश करण्यासाठी वळवली. वळणाच्या तोंडाशी एक बाई होत्या. एका हाताला सातआठ वर्षांचा मुलगा, तोंडाला मास्क लावलेला, डोक्यावर केस नाहीत. दुसऱ्या हातात ते पाकीट. मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी हातभर अंतरावर थांबली. बाईंनी पोराला मागे ओढले. पाकीट खाली पडले. त्यांनी आम्हांला शिवी दिली नाही. उलट त्याच हात जोडून “चुकलं, साहेब” म्हणाल्या, पाकीट उचलले आणि गेल्या.

त्यांचे काय चुकले होते? आम्ही ज्या रस्त्यात शिरत होतो त्या रस्त्यावर पायी चालणाऱ्यांचा दिवाही त्या वेळी हिरवाच होता. पुष्कळ चौकांत असे असते : वळणारी गाडी आणि ओलांडणारा माणूस दोघांनाही एकाच वेळी वाट मिळते. अशा ठिकाणी हक्क पायी माणसाचा, वळणाऱ्याने थांबायचे. हिरवा दिवा एवढेच सांगतो की आता पुढे जाण्यास हरकत नाही. समोर माणूस नाही, असे तो सांगत नाही. अठ्ठावन्न वर्षे त्या पट्ट्यांवरून चालताना वळून येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला आम्ही मनात नावे ठेवली. काचेच्या आत बसून आम्हांला दोन महिनेसुद्धा झाले नव्हते.

त्या दिवशी घरी आल्यावर पत्नीला आम्ही काही सांगितले नाही. पुढे आठवडाभर गाडीला हात लावला नाही. त्या आठवड्यात आम्ही वाचीत बसलो, आणि एक मौजेची गोष्ट सापडली. जगातला पहिला रहदारीचा सिग्नल १८६८ च्या डिसेंबरात लंडनला पार्लमेंटजवळ उभा राहिला. रेल्वेच्या एका इंजिनिअराची ती कल्पना. लाल आणि हिरवा गॅसचा दिवा, आणि तो फिरवायला पोलीस. पुढच्याच महिन्यात गॅसचा स्फोट होऊन तो पोलीस भाजला. मोटारी तेव्हा नव्हत्याच. मग सिग्नल कशाला? तर घोडागाड्यांच्या गर्दीतून पायी माणसाला, विशेषतः पार्लमेंटच्या सभासदांना, रस्ता ओलांडता यावा म्हणून. चौकातला दिवा मुळात चालणाऱ्यासाठी लागला होता! आपल्या दादरला २०२० साली पायी माणसांच्या सिग्नलवर पुरुषाच्या आकृतीऐवजी बाईची आकृती झळकली, तेव्हा वर्तमानपत्रांतून तिचे कौतुक झाले. आता ती हिरवी बाई दिसली की आम्हांला परळच्या त्या बाई आठवतात.

आठवड्याने मास्तर स्वतःच घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “काका, मागचा हॉर्न वाजवतो त्याला पुढचं दिसत नाही. दिसतं ते तुम्हांला.” एवढे बोलून त्यांनी किल्ली मागितली. पुन्हा त्याच चौकात नेले, त्याच वेळी, पाच दिवस ओळीने. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांवर एक म्हातारे गृहस्थ काठी टेकीत येत होते. आम्ही वळणाच्या तोंडाशी थांबलो. मागे जे काही वाजले ते ८५ च्या बरेच वर गेले असावे. म्हातारबुवा मध्यावर आले, थांबले, आमच्याकडे पाहिले, आणि काठी उचलून ‘तुम्ही जा’ अशी खूण केली. आम्ही आतून हाताने ‘तुम्ही आधी’ म्हटले. ते पुन्हा ‘तुम्ही’. हा शिष्टाचार संपेपर्यंत आमच्या मागच्यांचा सिग्नल लाल झाला. एक टॅक्सीवाला खाली उतरून काचेशी आला. बोलायला तोंड उघडले, ‘एल’ची पाटी पाहिली, मग मास्तरांकडे पाहिले. मास्तर त्याला म्हणाले, “शिकतायत.” तो परत जाऊन बसला.

येत्या मंगळवारी सकाळी ताडदेवला आमची पक्क्या परवान्याची परीक्षा आहे. पत्नी म्हणते, नापास झालात तर पुन्हा द्या, परळला तोवर टॅक्सी पाहू. आज ती पहिल्या रांगेत बसली आहे, आणि परळच्या त्या सकाळची हकीकत ती आपल्याबरोबरच प्रथम ऐकते आहे.