परिचारिकेची विद्या
(जत येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



आज या जत गांवीं आम्ही मोठें व्याख्यान झोडण्यास आलों नाहीं. तुमच्यापैकीं कित्येकांनीं एकच प्रश्न आम्हांला निरनिराळ्या तोंडांनीं विचारला आहे, त्याचें उत्तर देण्यास आलों आहों. प्रश्न असा कीं, "पोरगी बारावी झाली, तिला नर्सिंगला घालावी काय?" कोणी म्हणतो, परक्याचें मळमूत्र काढण्याचें तें काम, आपल्या घराला शोभायचें नाहीं. कोणी म्हणतो, घालावी, पण जेथें फारशी हजेरी न लागतां सर्टिफिकेट हातीं पडेल तेथें घालावी. आमच्या मतें या दोन्ही बोलण्यांच्या मुळाशीं एकच चूक आहे. परिचारिकेचें काम ही विद्या आहे, आणि ती हातानें शिकावी लागते, हें अजून आपल्या मनानें घेतलेलें नाहीं.

पहिल्या आक्षेपाचा समाचार आधीं घेऊं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगचा कहर झाला. सख्खा भाऊ भावाला शिवेना. अशा वेळीं सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉक्टर यशवंत यांनीं गांवाबाहेर माळावर दवाखाना उघडला, आणि सावित्रीबाई स्वतः रोग्यांना तेथें आणूं लागल्या. त्या सेवेंतच त्यांना प्लेग झाला व १० मार्च १८९७ रोजीं त्यांचें देहावसान झालें. ज्या माउलीनें आपल्या लेकींना पहिलें अक्षर दिलें, तिनेंच शेवटीं रोग्याच्या अंगाला हात लावला. ते हात जर विटाळले नाहींत, तर तुमच्या लेकीचे कसे विटाळतील?

दुसरी गोष्ट ऐका. १८४७ सालीं युरोपांत व्हिएन्ना शहरीं एका मोठ्या इस्पितळांत बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकांत डॉक्टरीचे विद्यार्थी बाळंतपण करीत, दुसऱ्यांत सुइणी करीत. नवल असें कीं, विद्वानांच्या विभागांत बाळंतिणी फार मरत आणि सुइणींच्या विभागांत त्या मानानें थोड्या. सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें शोध केला, तों कळलें कीं विद्यार्थी प्रेतें चिरून तसेच बाळंतिणीकडे येत. त्यानें क्लोरिनच्या पाण्यांत हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलांत शेंकडा १८ बाळंतिणी मेल्या होत्या, तें प्रमाण दोन-तीन महिन्यांत शेंकडा २ च्या आसपास आलें. औषध नवें नव्हतें, शस्त्र नवें नव्हतें. हात धुतला, एवढेंच. म्हणून विद्यार्थिनीला पहिल्या आठवड्यांत हात धुण्यास शिकवितात तेव्हां हंसूं नका. तळवे, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखें, मनगट, असा क्रम लावून रोज इतक्या वेळां धुवावा लागतो कीं, पुढें जन्मभर ती न धुतलेल्या हातानें रोग्याजवळ जाऊंच शकत नाहीं. जें काम घाण म्हणून तुम्ही नाक मुरडतां, तें घाण आणि जीव यांच्यामध्यें भिंत बांधण्याचें काम आहे.

आतां ही विद्या अंगीं कशी येते तें पाहूं. हें पुस्तकी पंडितांपेक्षां तुम्हांलाच लौकर कळेल. सुताराचें पोर पहिल्यानें रंधा धरतें तेव्हां त्याला लाकडाचा तंतू कोणीकडे धांवतो हें दिसत नाहीं. बाप सांगतो, पोर ऐकतें, तरी रंधा अडतोच. कुंभाराच्या पोराचें पहिलें मडकें चाकावरच बसतें. पण माडग्याळकडील जाणता धनगर मेंढरूं चरतांना नुसतें पाहतो आणि म्हणतो, "हें उद्यां आजारी पडणार." कशावरून, असें विचारलें तर त्याला धड सांगतां येत नाहीं. त्याच्या डोळ्यांत वीस वर्षांचीं मेंढरें सांठलेलीं असतात.

अमेरिकेंतील पॅट्रिशिया बेनर या परिचारिका-विदुषीनें १९८४ सालीं एक ग्रंथ लिहून हेंच सांगितलें. परिचारिका पांच पायऱ्यांनीं चढते: नवशिकी, थोडी सरावलेली, समर्थ, जाणती आणि निष्णात. नवशिकी नियमाला धरून चालते, कारण तिच्याजवळ दुसरें कांहींच नसतें. निष्णात झालेलीला रोगी एका नजरेंत सबंध दिसतो. मधल्या पायऱ्या पुस्तकानें चढतां येत नाहींत. त्या रोग्याच्या खाटेपाशीं उभें राहूनच चढाव्या लागतात.

पहिल्या वर्षीं मुलगी काय शिकते? रोगी खाटेवर असतांनाच खालची चादर कशी बदलावी, हें शिकते. ज्याला स्वतः हालतां येत नाहीं त्याला दर दोन तासांनीं कूस कशी बदलून द्यावी, म्हणजे पाठीला जखमा पडत नाहींत, हें शिकते. नाडी पुरें एक मिनिट मोजण्यास शिकते. मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि नवजात बाळाची १२० ते १६०, हें पाठ करणें एका दुपारचें काम आहे. परंतु बोटाखालीं नाडी भरलेली आहे कीं सुतासारखी बारीक झाली आहे, हें ओळखण्यास शेंकडों मनगटें हातीं धरावीं लागतात.

पुढें सलाइन येतें. आपल्या तालुक्यांत डाळिंबाला ठिबकनें पाणी देणारा शेतकरी हें चटकन समजेल. झाडाला पाणी फार झालें तरी वाईट, कमी झालें तरी वाईट. समजा, ५०० मिलीलिटरची बाटली चार तासांत द्यावयाची आहे, आणि नळी अशी आहे कीं एका मिलीलिटरचे २० थेंब होतात. म्हणजे एकंदर थेंब १०,०००. चार तासांचीं मिनिटें २४०. भागाकार केला तर मिनिटाला सुमारें ४२ थेंब. हा हिशेब कागदावर कोणीही करील. पण घड्याळावर एक डोळा आणि थेंबावर एक डोळा ठेवून चकती फिरवणें, अर्ध्या तासानें पुन्हां येऊन पाहणें, हाताला सूज तर नाहीं ना तें चांचपणें, ही विद्या आहे. म्हणून चांगल्या शाळेंत प्रत्येक काम आधीं पाहावयाचें, मग बाहुल्यावर करावयाचें, मग शिकविणारीच्या नजरेखालीं रोग्यावर करावयाचें, आणि तिची सही वहींत पडल्यावरच एकटीनें करावयाचें, असा दंडक असतो.

हा दंडक कां, तें आमच्याच चुकीवरून सांगतों. आम्ही शिकत होतों तेव्हांची गोष्ट. शेजारशेजारच्या खाटांवर एकाच नांवाच्या दोन बाया होत्या. आम्ही घाईंत एकीची गोळी दुसरीच्या हातावर ठेवली. ती म्हातारी गोळीकडे पाहून म्हणाली, "लेकी, माझी गोळी पांढरी असती, आज तांबडी कशी गं?" आमच्या पायांखालची जमीन सरकली. तिनें गोळी गिळली असती तर? त्या दिवसापासून पांच गोष्टी आम्ही दर वेळीं तोंडानें म्हणूं लागलों: रोगी हाच, औषध हेंच, मात्रा हीच, वेळ हीच, देण्याचा मार्ग हाच. आणि रोग्याला "तुम्ही अमुकच ना?" असें कधीं विचारीत नाहीं. गुंगींतला किंवा बहिरा माणूस कशालाही "होय" म्हणतो. "तुमचें नांव काय?" असें विचारून त्याच्याच तोंडून वदवितों. आज ही चूक आम्ही प्रत्येक विद्यार्थिनीला पहिल्या दिवशीं सांगतों. चूक झांकणारी परिचारिका कधींच शिकत नाहीं.

या विद्येंत धीरही शिकावा लागतो. आपल्या माळरानावर फुरसें आणि घोणस आहेत, हें तुम्हांला सांगावयास नको. सर्पदंशाचा रोगी आला कीं विषानें रक्त बिघडलें काय, हें पाहण्याची एक साधी परीक्षा आहे. दोन मिलीलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या, नव्या कांचेच्या नळींत घ्यावयाचें आणि २० मिनिटें जराही न हलवितां ठेवावयाचें. मग नळी एकदांच कलती करावयाची. रक्त गोठलें नसेल तर विष रक्तांत भिनलें, असें समजून प्रतिविषाची तयारी. नळी साबणानें धुतलेली असेल तर परीक्षा फसते. प्लास्टिकची असेल तर फसते. नातेवाईकांच्या आरडाओरड्यानें गांगरून पंधराव्या मिनिटालाच कलती केली तरी फसते. बाहेर बापलेक छाती बडवीत असतांना वीस मिनिटें हात न लावतां बसणें, हेंही कौशल्यच आहे. आणि तुम्हीही एवढें लक्षांत ठेवा कीं, साप चावल्यावर देवर्षीकडे घालविलेला वेळ कोणतीही परिचारिका परत आणून देऊं शकत नाहीं.

आतां एका मुलीची हकीकत सांगतों. तिचें नांव सांगत नाहीं. ती याच तालुक्याच्या पूर्व भागांतली, मेंढपाळाच्या घरची. घरीं कानडी, शाळेंत मराठी. पहिल्या वर्षीं ती इतकी भित्री कीं सुई पाहतांच तिचे हात थरथरत. तिसऱ्या वर्षीं ती बाळंतिणींच्या वॉर्डांत रात्रपाळीला होती. संध्याकाळीं बाळंत झालेली एक बाई निपचित पडली होती. रक्तदाब ठीक होता. अंगाखालचें कापड जवळजवळ कोरडें होतें. कागद पाहणारा म्हणाला असता, सर्व ठीक आहे. पण या मुलीनें नाडी मोजली ती ८८. पाव तासानें मोजली ती १०४. पुन्हां मोजली ती १२०. बाई कानडींत कांहीं पुटपुटली, तें दुसऱ्या कोणाला कळलें नाहीं, हिला कळलें. बाई म्हणत होती, डोळ्यांपुढें अंधार येतो. मुलीनें पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय चेंडूसारखें घट्ट लागावें, तें मऊ पडून वर चढलेलें होतें. रक्त बाहेर येत नव्हतें, आंत सांठत होतें.

तिनें गर्भाशय चोळण्यास सुरुवात केली आणि हात न काढतां हांक मारली, "बाई, डॉक्टरांना बोलवा. नाडी वाढतीय आणि गर्भाशय मऊ लागतंय." डॉक्टर आले, गांठी काढल्या, औषध दिलें, रक्त चढविलें. सकाळीं त्या बाईनें बाळाला पाजलें.

कोणी म्हणेल, देवानें वांचविलें. आम्ही म्हणतों, त्या मुलीच्या बोटांनीं तीन वर्षांत ज्या नाड्या मोजल्या होत्या त्यांनीं वांचविलें. तरण्या बाईच्या शरीरांत रक्तदाब शेवटपर्यंत तग धरतो. नाडी आधीं सांगते. हें पुस्तकांत छापलेलेंच आहे. पण मध्यरात्रीं झोपेच्या अंमलांत तें पान आठवत नाहीं. तें बोटांत असावें लागतें. आणि जी कानडी बोली शहरांत तिला हंसण्याचें कारण झाली होती, ती त्या रात्रीं औषधाइतकीच कामास आली.

आतां दुसऱ्या आक्षेपाकडे वळतों, कारण खरा घात तेथें आहे. आपला शेतकरी मेंढरें विकतो, सोनाराकडे डाग ठेवतो आणि मुलीची फी भरतो. कांहीं ठिकाणीं असें पाहण्यांत आलें आहे कीं, इमारत रंगविलेली, भिंतीवर पाट्या, पण शिकण्यास रोगीच नाहींत. वह्यांवर सह्या होतात, हात मात्र कोरा राहतो. दुसरीकडे रोगी पुष्कळ, पण विद्यार्थिनींना चिठ्ठ्या पोंचविणें आणि कागद भरणें एवढ्यालाच जुंपतात. अशी मुलगी सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडते आणि एखाद्या रात्रीं एकटीच वॉर्डावर उभी राहते. त्या रात्रीं खाटेवर तुमचीच सून असेल, हें विसरूं नका. बैल घेतांना तुम्ही दांत पाहतां, चालवून पाहतां. मुलीची शाळा मात्र पाटी पाहून निवडतां, हा कोठला शहाणपणा?

म्हणून पैसा भरण्यापूर्वीं चार प्रश्न विचारा. पहिला, या शाळेला भारतीय परिचर्या परिषदेची व महाराष्ट्राच्या परिषदेची मान्यता आहे काय? १९४७ च्या कायद्यानें देशाची परिषद झाली, ती शिक्षणाची पातळी राखण्यासाठींच. दुसरा, मुली कोणत्या इस्पितळांत शिकतात, तेथें रोज किती खाटा भरलेल्या असतात? हें स्वतः जाऊन पाहा. तिसरा, खाटेपाशीं मुलींबरोबर शिकविणारी उभी राहते काय, रात्रपाळींतही? चौथा, बाळंतपण, इंजेक्शन, जखमेची पट्टी हीं कामें प्रत्येक मुलगी स्वतः किती वेळां करते? मागच्या वर्षाच्या मुलींनाच गांठून विचारा. त्या खरें सांगतील.

अभ्यासक्रमही समजून घ्या. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा, बी.एस्‌सी. चार वर्षांचा. मधेंच स्थळ आलें म्हणून मुलीला उचलूं नका. अर्धें भाजलेलें मडकें पाणी धरीत नाहीं.

मिरजेला डॉक्टर वानलेस यांनीं १८९४ सालीं इस्पितळ उघडलें. १९६२ सालीं तेथें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. पिढ्यान्‌पिढ्या या दुष्काळी मुलखांतला माणूस मोठें दुखणें आलें कीं मिरजेची वाट धरीत आला. आतां त्याच वाटेनें आपल्या लेकी विद्या घेण्यास जाऊं द्या, आणि विद्या घेऊन कांहीं जणी तरी जतकडे परत येऊं द्या. येथल्या दवाखान्यांत, येथल्या उपकेंद्रांत, बाईची कानडी आणि मराठी दोन्ही समजणारा एक शिकलेला हात हवा आहे.

आपण हातावर पोट भरणारे लोक. हाताच्या विद्येला आजवर जगानें हलकें मानलें. आपण तरी मानूं नये. एवढें सांगून आम्ही आपली रजा घेतों.