कर्जदाराने सल्ला कोणाला विचारावा?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत आमच्या विषयाचे नाव वाचून एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "हे ऐकायला येणार कोण? ज्याला कर्ज नाही त्याला गरज नाही, आणि ज्याला आहे तो लोक पाहतील म्हणून घरीच बसेल." आपण एवढ्या संख्येने आलात, तेव्हा त्यांचा अंदाज चुकला असे म्हणावयास हरकत नाही. परंतु त्यांच्या बोलण्यात एक मर्म होते. आपल्याकडे दुखणे झाले तर माणूस चार लोकांना चांगल्या डॉक्टरचे नाव विचारतो. कर्ज झाले तर मात्र तो कोणालाच विचारीत नाही. विचारतो तेव्हा उशिरा विचारतो, आणि विचारले तरी अर्धेच सांगतो. आज आम्हांला बोलावयाचे आहे ते याच विचारण्याविषयी.

उपदेशाच्या पाटावर बसण्यापूर्वी आमची एक चूक सांगणे बरे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचे एक कारकून संध्याकाळी घरी आले. क्रेडिट कार्डाचे दीड लाख रुपये थकले होते आणि दरमहा साडेतीन टक्के व्याज चढत होते. आम्ही गणित केले. दरमहा साडेतीन टक्के म्हणजे चक्रवाढीने वर्षाला एकावन्न टक्के होतात. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, "पतसंस्थेचे चौदा टक्क्यांचे कर्ज काढा आणि कार्ड मोकळे करा." गणितात चूक नव्हती. त्यांनी दोन सहकाऱ्यांना जामीन घेतले, कर्ज काढले, कार्ड फेडले. सहा महिन्यांत पतसंस्थेचे हप्ते थकले आणि नोटिसा त्या दोघा जामीनदारांच्या दारी गेल्या. तेव्हा कुठे कळले, की गृहस्थांनी एका खाजगी सावकाराकडून ऐंशी हजार रुपये दरमहा पाच टक्क्यांनी घेतलेले होते. दरमहा चार हजार रुपये नुसत्या व्याजाचे जात होते. हे त्यांनी आम्हांला सांगितले नव्हते, आणि त्यांच्या पत्नीलाही ठाऊक नव्हते. दोघा जामीनदारांपैकी एकाने त्यांच्याशी बोलणे टाकले ते आजतागायत.

दोष त्यांनी लपविले याचा, असे आम्ही बरेच दिवस स्वतःला समजावीत होतो. पण लपविणे हा कर्जदाराच्या दुखण्याचाच भाग आहे. "आणखी कोणाचे देणे आहे का?" हा एक प्रश्न विचारणे आमचे काम होते, आणि आम्ही तो विचारला नाही. विचारला असता तर सल्ला निराळा झाला असता. नव्या कर्जातून आधी सावकाराचे देणे फेडावयास हवे होते, कारण वर्षाला साठ टक्क्यांचे तेच सर्वांत महाग होते. हप्ता पगाराला पेलेल एवढाच ठेवावयास हवा होता. आणि त्या सावकाराकडे परवाना आहे की नाही हेही पाहावयास हवे होते. सल्लागार सज्जन आहे एवढ्याने भागत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

या प्रश्नाचे आणि व्याख्यानमालेचे नाते जुने आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. त्याच साली १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांच्या दारांवर चालून गेले, आणि पाहता पाहता तो वणवा पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. या दंग्यांत ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की जमावाला हवे होते ते कर्जरोखे आणि दस्तऐवज. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने दिले तेथे सहसा मारहाण झाली नाही. कागदाची होळी करून लोक परत गेले. ज्या कागदावर आपला अंगठा आहे पण ज्यात काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदाची ती भीती होती. पुढे १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. त्याने न्यायाधीशाला कागदाच्या मागे जाऊन मूळ व्यवहार काय होता, मुद्दल किती आणि व्याज किती, हे तपासण्याचा अधिकार दिला, आणि धनको-ऋणकोंमध्ये तडजोड घडविण्यासाठी सलोखा करणारे पंच नेमण्याची सोय केली. कर्जदाराला हिशेब समजावून देणारा तटस्थ माणूस हवा, ही गोष्ट सरकारदरबारी तेव्हाच पटली होती.

पुढे १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरीही १९५१-५२ सालच्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळले, की शेतकऱ्याच्या कर्जातील सहकारी संस्थांचा वाटा शेकडा तीनच्या आसपास होता आणि व्यावसायिक व शेतकरी सावकारांचा मिळून शेकडा सत्तरच्या घरात. या पाहणीच्या समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. आज बँका गल्लोगल्ली आहेत, आपण सारे साक्षर आहोत. पण मोबाइलच्या पडद्यावर 'मान्य आहे' या शब्दांवर बोट ठेवताना आपल्यापैकी किती जण वरची अटींची पाने वाचतात? सुप्याच्या शेतकऱ्याला वाचता येत नव्हते. आपण वाचीत नाही. अंगठा मात्र दोघांचाही उमटतो.

आता मुख्य मुद्दा. सल्लागार विश्वासाचा आहे की नाही हे कसे ओळखावे? आमच्या मते चार प्रश्न पुरेत.

पहिला प्रश्न: याला पैसे कोण देतो? कर्ज विकणाऱ्या दलालाला कर्ज विकले गेले की दलाली मिळते. त्याच्या तोंडून "कर्ज घेऊ नका" हे शब्द कसे निघावेत? तो लबाडच असतो असे नाही, परंतु ज्याचे पोट आपल्या कर्जावर चालते त्याला कर्ज कमी करण्याचा उपाय विचारणे शहाणपणाचे नव्हे.

दुसरा प्रश्न: हा आधी आकडे विचारतो की आधी उपाय सांगतो? नाडी न पाहता पुडी देणारा वैद्य जसा, तसा हा. उत्पन्न, घरखर्च, प्रत्येक धनकोचे नाव, मुद्दल, दर, हप्ता, तारण आणि जामीन, एवढे लिहून घेतल्यावाचून जो बोलू लागतो तो चुकणारच. आम्ही चुकलो ते येथेच.

तिसरा प्रश्न: हा आगाऊ पैसे मागतो काय? "तुमचे कर्ज माफ करून देतो, हे घ्या प्रमाणपत्र" असे सांगून शुल्क घेणारे लोक वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवरून जाहिराती करू लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेला ११ डिसेंबर २०२३ रोजी जनतेला जाहीरपणे सावध करावे लागले. अशा प्रमाणपत्राला काडीचीही किंमत नाही. काही जण सांगतात, "हप्ते बंद करा, बँक आपोआप तडजोडीला येईल." ती येईलही, परंतु तोवर व्याज आणि दंड चढतो, आणि तडजोड झाली तरी पतमाहितीच्या नोंदीत 'पूर्ण फेडले' असे न लिहिता 'तडजोडीने मिटले' असे लिहिले जाते. ही दुसरी बाजू न सांगणाऱ्याचा सल्ला अर्धाच होय.

चौथा प्रश्न: हा कागदावर लिहून देतो काय? तोंडी सल्ल्याला पुढे साक्षीदार राहत नाही.

मग असा माणूस मिळतो कोठे? एक तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेची वित्तीय साक्षरता केंद्रे आहेत. रिझर्व्ह बँकेने २००९ साली यांची योजना केली तेव्हा नावातच कर्जविषयक समुपदेशन होते. २०१२ साली नाव आटोपशीर झाले. तेथे फी पडत नाही. प्रत्येक केंद्रात आपल्या घरचा सगळा हिशेब मांडून देणारा माणूस भेटेलच असे आम्ही म्हणत नाही; पण दर म्हणजे काय, हप्ता कसा बसतो, तक्रार कोठे करावी, एवढे तेथे समजून घेता येते. दुसरे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना, अनुसूचित जाति-जमातींच्या लोकांना आणि अल्प उत्पन्नाच्या माणसांना तेथे मोफत वकील मिळतो. स्त्रीला तर उत्पन्नाची अटही नाही. तिसरे, परवाना नसलेल्या सावकाराच्या बाबतीत सहकार खात्याचे जिल्हा उपनिबंधक. महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा कायदा २०१४ चा आहे. आपल्या धर्मशास्त्रातील दामदुपटीचे तत्त्व, म्हणजे मुद्दलापेक्षा अधिक व्याज सावकाराने घेऊ नये, ते या कायद्यानेही मानले आहे. आणि बँकेविषयी किंवा वित्तसंस्थेविषयी तक्रार असेल तर आधी त्यांच्याकडेच लेखी द्यावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथेही शुल्क नाही.

पण भगिनींनो आणि बंधूंनो, या सर्वांच्या आधी एक सल्लागार आहे, तो म्हणजे घरातली वही. एका पानावर सगळी देणी मांडा. दर मात्र एकाच मापाने मांडा. दुकानदार म्हणतो, "नुसते बारा टक्के." एक लाख वीस हजारांवर बारा टक्के म्हणजे चौदा हजार चारशे, बारा हप्ते अकरा हजार दोनशेचे. परंतु दर महिन्याला मुद्दल फिटत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर लावले आहे, त्यामुळे खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. कोणी नऊ हजार हातात देतो आणि रोज शंभर प्रमाणे शंभर दिवसांत दहा हजार नेतो. हजारच रुपये तर जास्त, असे वाटते. हिशेब केला तर तो दर वर्षाला पंचाहत्तर टक्क्यांच्या वर भरतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकांनी आणि वित्तसंस्थांनी नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य माहितीचे पत्रक, कर्जदाराला समजेल अशा भाषेत, देणे बंधनकारक आहे. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर द्यावा लागतो. सही करण्यापूर्वी ते पत्रक मागून घ्या. घरी आणा. दोघांनी मिळून वाचा.

वही मांडली म्हणजे आणखी एक गोष्ट दिसते. जो धनको सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याचे कर्ज सर्वांत महाग असतेच असे नाही. आपण मात्र ओरडणाऱ्याला आधी देतो. घर, वीज, मुलांची फी आणि औषध सांभाळून सर्वांचे किमान हप्ते द्यावे, आणि उरेल तो पैसा सर्वांत महाग कर्जावर टाकावा. उरतच नसेल, तर तसे बँकेला लेखी कळवून हप्त्यांची फेररचना मागावी. हप्ता चुकण्यापूर्वी मागावी.

भीतीविषयी चार शब्द बोलतो, कारण खोटा सल्लागार भीतीवरच जगतो. कर्ज फेडता आले नाही एवढ्याच कारणाने माणसाला तुरुंगात टाकता येत नाही. खरोखर ऐपत नसलेल्या ऋणकोला कैद करणे न्याय्य नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिला आहे. फसवणूक किंवा न वटलेला धनादेश ही गोष्ट वेगळी, म्हणून कोरे धनादेश सही करून कोणाच्या हाती देऊ नयेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाने अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने जप्तीतून वगळले आहेत. बँकेच्या वसुली करणाऱ्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. हे ठाऊक असलेला माणूस रात्रीच्या धमकीला घाबरून सकाळी नव्या सावकाराकडे धाव घेत नाही.

आणि जामीन राहणाऱ्यांनाही सांगणे आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोएवढीच असते. "नुसती सही तर करायची आहे" असे म्हणून सही करू नये. ज्याची वही आपण पाहिली नाही, त्याला जामीन राहू नये.

आमचे ते कारकून स्नेही आता सावरले आहेत. पत्नीला सगळे सांगितले त्या दिवशी पहिल्यांदा शांत झोप लागली, असे त्यांनी आम्हांला सांगितले. पुढची देणी दोघांनी मिळून, एका साध्या शाळकरी वहीत हिशेब ठेवून, चार वर्षांत फेडली. पतसंस्थेचे पैसे फिटले; तुटलेली मैत्री मात्र अजून जुळलेली नाही. आमच्या अर्धवट सल्ल्याचा तो शिल्लक राहिलेला हप्ता आहे असे आम्ही मानतो. म्हणून आज येथून घरी गेल्यावर कोणी आपल्याकडे या कामासाठी आले, तर त्याला आधी दारात उभे करू नका, उपदेश करू नका. आत बसवा, पाणी द्या, वही उघडा आणि विचारा, "आणखी कोणाचे देणे आहे का?" उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबा.