नवा फोन आणि जुनी नोंद

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपल्या वर्गात अंगणवाडीच्या सेविकाताई आणि मदतनीसताई मुद्दाम येऊन बसल्या आहेत. त्यांच्या हाती कामासाठी नवा फोन यायचा आहे. फोन सरकारी खरा. पण त्यातली नोंद आपल्याच पोरांची. म्हणून हे चार शब्द सगळ्यांनीच ऐकावेत.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. कितीतरी वर्षे मुलांची वजने वहीतच लिहीत. मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ आला. वजन, उंची, हजेरी, आहार, सारे फोनात भरायचे ठरले. पण आधी मिळालेले फोन धड चालेनात. ते तापत, मध्येच अडकत. ॲपात इंग्रजी. म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या हजारो सेविकांनी ते फोन परत केले. त्यांचे म्हणणे रास्त होते. मोडके खुरपे हाती देऊन ‘निंदणी का झाली नाही?’ असे कसे विचारता येईल?

आता नवा फोन येईल. पण नवा आला म्हणून जुना लगेच सोडू नका. का, ते ऐका. समजा, एका मुलाचे वजन ८ किलो आहे. नुसत्या या आकड्यावरून सारे कळत नाही. पण मागच्या महिन्यात ते साडेआठ होते, त्याच्या आधी पावणेनऊ होते, असे दिसले की काळजात धस्स होते. पोर खंगत चालले आहे! जुनी नोंद गेली, तर हे खंगणे दिसायचेच नाही.

तेव्हा ताईंनो, चार गोष्टी करा.

पहिली : रेंज नव्हती म्हणून जुन्या फोनात अडकलेली नोंद असेल, तर ती आधी पाठवा. नव्या फोनात पाच-दहा मुलांची वजने वहीशी ताडून पाहा. वही जपून ठेवा.

दुसरी : सिम काढून घ्या. आपले नंबर, फोटो उतरवून घ्या. मग ‘फॅक्टरी रीसेट’ करून जुना फोन कोरा करा. आयांचे नंबर आणि बाळांचे फोटो परक्या हाती जाऊ नयेत.

तिसरी : नव्या फोनात स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. आयएमईआय नावाचा १५ आकडी नंबर दिसेल. तो वहीत लिहा. फोन हरवला तर पोलिसांना तो सांगावा लागतो. जुना फोन दिल्याची पोचही घ्या.

चौथी : सरकारी फोनात स्वतःच्या बँकेचा कारभार ठेवू नका. फोन आज आहे, उद्या परत द्यावा लागेल.

आणि आयाबायांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. “अंगणवाडीतून बोलतोय, बाळाचे पैसे आलेत, ओटीपी सांगा,” असा फोन आला तर सरळ बंद करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो. फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर कळवा.

शेवटचे सांगतो. आता तुम्हाला आकडे वाचता येतात. पुढच्या वजनाच्या दिवशी “किती भरले, ताई?” एवढेच विचारून घरी जाऊ नका. “दाखवा,” म्हणा. या महिन्याचा आकडा वाचा, मागचाही वाचा. कमी झाला असेल, तर तिथेच ताईंना विचारा.